धोंड्याचा घोडा

"यंदाचा आमचा धोंडा असा होईल, असा होईल, की पुढच्या अधिक महिन्यापर्यंत लोक ढेकर देत बसतील!"

द्वारकाबाईंनी हे आरशासमोर उभं राहून स्वतःलाच सांगितलं आणि ते त्यांना लगेच पटलं. तसं त्यांचं म्हणणं त्या घरात सगळ्यांनाच पटायचं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या बड्या घरांपैकी हे एक घर. हळदीनं भरलेली कोठारं, केळीच्या बागा, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह आणि दारात दोन गाड्या. एक फिरायला, एक नुसती पुसून ठेवायला. एवढं सगळं असल्यावर माणसाला काळजी उरते कशाची? लोक काय म्हणतील याची! ती काळजी द्वारकाबाई अगदी मन लावून करायच्या.

यंदा तर कारणही तसंच होतं. एकुलत्या एका लेकीचं, प्रतिक्षाचं, लग्न होऊन वर्ष झालेलं आणि हा पहिलाच अधिक महिना. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयांची सुगी. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि वर ऐपतीप्रमाणे काहीतरी वाण द्यायचं. ही झाली रीत. पण बड्या घरांत रीत राहते एकीकडे आणि चर्चा चालते दुसरीकडे. कुणाच्या जावयाला काय मिळालं यावर भिशीतल्या बायका पुढचा अधिक महिना उजाडेपर्यंत बोलतात. वाण हलकं गेलं, तर पोरीला तोवर सासरी टोमणे ऐकावे लागतात.

द्वारकाबाईंच्या मनात चांदीचं ताट होतं. वाट्या, तांब्या, पेला, सगळं चांदीचं आणि ताटावर प्रतिक्षा-भागवतचं नाव कोरलेलं. बेत झकास होता! धास्ती एकच होती, बातमी फुटण्याची.

कारण एकदा ती फुटली होती. प्रतिक्षाच्या लग्नात विहिणीच्या मानासाठी द्वारकाबाईंनी खास मोरपंखी पैठणी मागवली होती. लग्नाच्या दिवशी विहीणबाई गाडीतून उतरल्या, त्या मोरपंखी पैठणी नेसूनच! वर म्हणाल्या, "तुमची मोरपंखी येऊन राहिली म्हून कळलं, म्हटलं जोडीला आपली एक असू द्यावी." द्वारकाबाईंनी मांडवात हसून दाखवलं, पण त्या दिवसापासून त्यांच्या पोटात एकच प्रश्न ठाण मांडून बसला होता. बातमी फोडली कुणी?

पैठणी तिघींनीच पाहिली होती. एक हिंगोलीच्या आडत्याची बायको नीलाबाई, दुसरी कनेरगाव नाक्यावर पेट्रोल पंप असलेली चंदाबाई आणि तिसरी दवाखानेवाल्या डॉक्टरांची तरुण बायको शितल. तिघी जिवाभावाच्या मैत्रिणी, म्हणजे तिघींवर संशय घ्यायला पूर्ण वाव! तशी ती पैठणी उत्तमरावांनीही पाहिली होती, पण उत्तमरावांना कुणी मोजत नसे. नवऱ्याच्या तोंडून दिवसभरात "चहा", "पेपर" आणि "बरं" एवढंच बाहेर पडतं, हे द्वारकाबाईंना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

तेव्हा त्यांनी सापळा लावला. तिघींना तीन वेगवेगळ्या थापा मारायच्या. जी थाप गावभर फिरेल, ती जिला सांगितली तीच चोर!

पहिली आली नीलाबाई. द्वारकाबाईंनी तिला जवळ ओढलं आणि कुजबुजायला सुरुवात केली. आता द्वारकाबाईंचं कुजबुजणं म्हणजे कालव्याच्या पलीकडच्या गड्याला हाक मारल्यासारखं असायचं, पण हे त्यांना सांगणार कोण?

"नीले, तुला म्हून सांगते. जावयाला बुलेट! काळी!"

"अगं बाई!"

"कुणाला बोलायचं न्हाई बरं."

"आपण कुठं बोलतो?" नीलाबाई म्हणाली. ओसरीतल्या झोपाळ्यावर बसलेल्या उत्तमरावांनी पेपरचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी चंदाबाई. तिच्यासाठी द्वारकाबाईंनी जरा झणझणीत थाप राखून ठेवली होती.

"आमी जावयाला घोडा देऊन राहिलो."

"घोडा?" चंदाबाईच्या हातातली बशी कलली. "बँकेतल्या माणसाला घोडा काहून?"

"व्याह्यांना हौस हाय गं. पांढराशुभ्र सांगितला. पण या कानाचं त्या कानाला कळू देऊ नको!"

झोपाळा क्षणभर थांबला आणि पुन्हा हलू लागला.

तिसऱ्या दिवशी शितलला सिंगापूर. "दोघांना पाठवून राहिलो. विमानानं!"

"मग काय काकू, एसटीनं?" शितल म्हणाली. पण तिचे डोळे विस्फारले होते, म्हणजे थाप बराबर बसली होती. पेपरामागून उत्तमराव खाकरले. उन्हाळ्यात त्यांना धुळीचा त्रास व्हायचा.

मग द्वारकाबाई कान टवकारून बसल्या. आज येईल, उद्या येईल! पण बातमी येईचना. मंदिरात गेल्या, तिथं काही नाही. भिशीला गेल्या, तिथं बायका उन्हाळी पापडांवर बोलत होत्या. घोडा नाही, बुलेट नाही, सिंगापूरही नाही. द्वारकाबाईंना आधी नवल वाटलं आणि मग चक्क वाईट वाटलं. एवढी चमचमीत बातमी हातात देऊन बाहेर थेंब सांडत नाही म्हणजे काय? तिघी आजारी तर पडल्या नाहीत?

"संध्याकाळी जरा फिरून येतो," असं उत्तमराव मात्र रोज म्हणायचे आणि मोबाइल कानाला लावून कालव्याच्या कडेनं जायचे. हळदीचा भाव ऐकत असतील, असं द्वारकाबाई समजून चालल्या होत्या.

असा धोंड्याचा दिवस उजाडला. स्वयंपाकघरात तिन्ही मैत्रिणी पदर खोचून लागल्या होत्या. पुरण शिजत होतं, अनारसे तुपात फुलत होते. दहाच्या सुमारास फाटकाशी धुरळा उडाला. एक गाडी, दुसरी गाडी, तिसरी, चौथी! बोलावलं होतं जावयाला आणि त्याच्या आईवडलांना, उतरत होतं व्याह्यांचं अर्धं साखरा गाव. सगळ्यांत पुढच्या गाडीतून व्याही रामकिशनराव उतरले. साखऱ्याचे मोठे जमीनदार, डोक्याला गुलाबी फेटा, मिशीला पीळ, आणि दोन्ही हातांत धरलेलं कोरं करकरीत खोगीर!

मागच्या टेम्पोतून हलगीवाले उतरत होते.

"राम राम विहीणबाई! कुठाय?" रामकिशनराव म्हणाले.

"काय कुठाय?"

"अवो, काय म्हून इच्यारता? घोडा! तबेला बांधून तयार हाय आमच्याकडं. वर पत्रे, खाली फरशी. संध्याकाळी गावातून मिरवणूक हाय, सगळ्या साखऱ्याला सांगून आलो!"

"सुनेनं घोडा आणला म्हून मी तर माहेरीबी कळवलं," विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या.

द्वारकाबाईंच्या पायाखालची फरशी हलली. चंदाबाई! म्हणजे चोर ती निघाली तर! पण आता चोराचं काय घेऊन बसता, दारात व्याही खोगीर घेऊन उभा! तेवढ्यात प्रतिक्षानं आईला खांबाआड ओढलं. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"आई, तू मला पण सांगितलं न्हाई! सासूबाईंनी आठ दिवस मला कामाला हात लावू दिला न्हाई, माहिताय? सगळ्या जावांत एकटी मीच भारी ठरले. पण घोडा हाय ना गं नक्की? नसला तर मी साखऱ्यात पाय ठेवणार न्हाई!"

पोरीच्या त्या चेहऱ्याकडे पाहून द्वारकाबाईंच्या काळजात कळ आली. त्यांनी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण त्यांतली एकही अशी लेकीच्या गळ्यात येऊन पडली नव्हती.

मात्र बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या पुढं झाल्या आणि गंभीर आवाजात म्हणाल्या, "व्याही, घोडा हाय. पण हा अधिक महिना. या महिन्यात नवं जनावर दावणीला बांधत न्हाईत. महिना सरला की पोचता करू."

रामकिशनराव विचारात पडले. शास्त्रापुढं त्यांचं काही चालत नव्हतं. "बराबर हाय," ते म्हणाले. द्वारकाबाईंनी सुटकेचा श्वास घेतला, तेवढ्यात व्याही पुढं बोलले, "नेत न्हाई. पण बघू तर द्या! डोळ्यानं बघितल्याबिगर मी पाटावर बसत न्हाई."

द्वारकाबाई परसात पळाल्या आणि त्यांनी औंढ्याच्या चाँद पाशांना फोन लावला. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांना घोड्यावर बसवणारे ते चाँद पाशा.

"सलाम बाई! अधिक महीना चालू है, शादियाँ बंद, नवाब खाली खड़ा है. मेरेकू देखके मुँह फिरा लेता. किसका लगीन निकाला?"

"लगीन न्हाई पाशाभाई. नुसतं उभं करायचं हाय, घंटाभर. घोडा तुमीच आमाला विकला असं म्हणायचं."

"उभा रहेगा. मगर बाई, एक बात बोलतौं..."

"बोलणं मागून! आधी घोडा आणा!" द्वारकाबाईंनी फोन ठेवला.

घोडा येईपर्यंत जावयाची पूजा सुरू करावी, म्हणून भागवतला अंगणातल्या मांडवात पाटावर बसवलं. गळ्यात झेंडूचा जाड हार घातला. भागवत गरीब स्वभावाचा मुलगा. सासूबाई ओवाळायला वाकल्या तसा तो हळूच म्हणाला, "मामी, दोघांचे पासपोर्ट आणलेत बरं का."

ओवाळणीचं तबक डगमगलं. सिंगापूर! म्हणजे शितलपण? एवढ्यात विहिणीचा भाचा पुढं आला. "काकू, ती काळी बुलेट मी चालवत नेऊ का?"

नीलाबाईसुद्धा! तिघीच्या तिघी! द्वारकाबाई तशाच ताडताड स्वयंपाकघरात शिरल्या.

"काय गं, तिघींच्या पोटात एक गोष्ट राहात न्हाई? माझ्या पोरीचं वाटोळं करायला निघाल्या होय?"

"काय झालं?" चंदाबाई उठून उभी राहिली.

"घोडा कुणी सांगितला व्याह्यांना?"

"माझ्या लेकरांची आन! मी नवऱ्यालाबी सांगितलं न्हाई. सांगता येईना म्हून आठ दिवस पोटात दुखून राहिलं माझ्या!"

"कसला घोडा?" नीलाबाई म्हणाली. "बुलेट ना? काळी?"

"बुलेट कुठली? सिंगापूर!" शितल म्हणाली.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग तिघींनी मिळून द्वारकाबाईंकडे पाहिलं. कढईत एक अनारसा जळून काळा झाला, तरी कुणी हलेना.

"म्हंजे तू आमची परीक्षा घेऊन राहिली होती?" नीलाबाई सावकाश म्हणाली. "इतक्या वर्षांच्या मैत्रिणी आमी, द्वारके!"

तिनं हात पुसले आणि पिशवी उचलली. शितलनंही आपली पर्स शोधली. तेवढ्यात बाहेर पिकअप थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कुणीतरी खणखणीत खिंकाळलं.

"थांबा गं," चंदाबाई म्हणाली. "रुसायचं मागून बघू. घोडा बघून जाऊ."

नवाब खरोखर देखणा होता. पांढराशुभ्र, मान ताठ, आयाळीत कुठल्याशा जुन्या लग्नाची चमकी अजून अडकलेली. रामकिशनराव त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

"काय जनावर हाय! खानदानी! पाशा, चाल कशी हाय याची?"

"चाल तो बहोत अच्छी है," चाँद पाशा खाली बघत म्हणाले. "बस्स, आवाज मत करना."

"आवाज काहून न्हाई? अशा घोड्याची वाजवून सलामी झाली पायजे! वाजवा रे!"

चाँद पाशांनी डोळे मिटून घेतले. हलगी कडाडली.

लग्नाचा हंगाम थांबल्यापासून नवाबाच्या कानावर हलगीचा सूर पडला नव्हता. बिचारा आनंदानं वेडाच झाला! आधी त्यानं मान हलवली, मग कंबर हलवली, मग पुढचे दोन्ही पाय उचलून तो थेट उभा राहिला. व्याह्यांच्या गाड्यांतली पोरं शिट्ट्या मारायला लागली. नवाब गिरक्या घेत, चार पावलं पुढं अन् दोन पावलं मागं, अगदी वरातीच्या चालीनं मंडपात शिरला. हार घातलेला माणूस दिसताच त्यानं अदबीनं गुडघा टेकला, आणि मग शांतपणे भागवतच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला लागला.

"मामी!" भागवत पाटावरच ओरडला. "हा तोच! माझ्या लग्नातला! यानं तेव्हाबी माझा हार खाल्ला होता!"

हलगी बंद पडली. नवाबाच्या चावण्याचा तेवढा आवाज राहिला.

"बाई, येच बोलनेवाला था मैं," चाँद पाशा म्हणाले.

रामकिशनरावांनी खोगीर जमिनीवर ठेवलं. मिशीचा पीळ उतरला. "किरायाचा घोडा, विहीणबाई? आमाला? उठा रे सगळे, गाड्या काढा. आमाला हितं जेवायचं न्हाई."

जावई पहिल्या धोंड्याला उपाशी उठणार! प्रतिक्षाचे डोळे भरून आले आणि तिनं मान खाली घातली. ते पाहिलं आणि द्वारकाबाईंच्या सगळ्या युक्त्या गळून पडल्या. त्यांना लाज वाटली, अगदी खरी लाज. त्या सगळ्यांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"व्याही, घोडा खोटा, बुलेट खोटी, सिंगापूरबी खोटं. मैत्रिणींपैकी कोण चुगली करतं ते बघायला मी थापा मारल्या. त्या बिचाऱ्यांनी तोंड उघडलं न्हाई. चूक माझी हाय. माझ्या लेकराला बोल लावू नका." मग त्या थांबल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण मग तुमाला सांगितलं कुणी?"

"कुणी म्हंजे?" रामकिशनराव चकित झाले. "उत्तमरावांनी! रोज संध्याकाळी फोन अस्तोय त्यांचा. दोन-दोन घंटे बोलतेत."

"पैठणीचंबी त्यांनीच सांगितलं होतं की," विहीणबाई म्हणाल्या.

सगळ्या मांडवाच्या माना झोपाळ्याकडे वळल्या. तिथं पेपर उभा होता. तो हळूहळू खाली आला आणि मागून उत्तमरावांचे डोळे दिसले.

"तूच तर सांगत होतीस," ते म्हणाले. "फाटकापर्यंत ऐकू येऊन राहिलं होतं. मला वाटलं, ठरलंय. चांगली गोष्ट आपल्याच माणसाला सांगावी म्हून सांगितली."

"मग मला एका शब्दानं इच्यारायचं तरी!"

"तुझ्या कामात मी कधी बोललो का?"

एवढं लांबलचक बोलणं त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकलं नव्हतं. दोन-दोन घंटे! द्वारकाबाईंना "बरं" आणि व्याह्यांना दोन-दोन घंटे! त्यांनी जमिनीवरचं खोगीर उचललं आणि रामकिशनरावांच्या हातात दिलं.

"व्याही, हे फुकट परत नेऊ नका. ज्यानं तुमाला घोडा सांगितला ना, त्याच्याच पाठीवर टाका आन न्या साखऱ्याला!"

क्षणभर कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग नीलाबाई फसकन हसली. शितल हसली, विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. रामकिशनरावांनी रुसलेला चेहरा टिकवायचा खूप प्रयत्न केला, पण मिशी थरथरायला लागली.

"नेला असता," ते उत्तमरावांना निरखत म्हणाले. "पण हा खातो काय?"

"पेपर!" चंदाबाई म्हणाली, आणि मांडव हसून हसून आडवा झाला.

"अन् बाबा," भागवतनं वडलांकडे बघून धीर केला, "खरं सांगू का? घोडा न्हाई ते लई बरं झालं. मला लग्नापासून झोपेतबी हाच दिसून राहिला." तो धोंडे खायला बसला आणि पंगत सुरू झाली. चांदीचं ताट पुढं आलं तेव्हा विहीणबाईंनी ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि सुनेचं नाव आधी कोरलंय म्हणून आणखी एकदा पाहिलं. चाँद पाशांना रामकिशनरावांनी हाताला धरून शेजारी बसवलं. जेवण झाल्यावर दोघांत काही बोलणं झालं, आणि संध्याकाळच्या मिरवणुकीपुरता नवाब साखऱ्याला जायला निघाला. कोऱ्या खोगिरावर व्याही स्वतः बसून फाटकापर्यंत गेले. सिंहांच्या मधून जाताना तर ते फार शोभून दिसले.

गाड्या गेल्यावर द्वारकाबाईंनी तिघी मैत्रिणींचे हात धरले. "चुकलं माझं. परत असं करणार न्हाई."

"माफ केलं," चंदाबाई म्हणाली. "पण ही गोष्ट कुणाला सांगू नको असं आता म्हणू नको. या वेळी पोटात ठेवायला जमणार न्हाई!"

तिनं शब्द पाळला. गाड्या वाटेतल्या सेनगावला पोचायच्या आत गोष्ट सेनगावला पोचली होती.

पुढच्या आठवड्यात नीलाबाईचा फोन आला. "द्वारके, आता जावयाच्या वाढदिवसाला काय देणार गं? मला एकटीला सांग."

द्वारकाबाई शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी झोपाळ्याकडे एक नजर टाकली. मग आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं, खिडकी लावली, तोंडावर पदर धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर कुजबुजल्या.

"काय म्हणालीस?" फोनमधून नीलाबाई ओरडली. "ऐकूच येईना. जरा जोरात बोल की!"

बाहेर झोपाळा थांबला. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"घड्याळ म्हणते ती!" उत्तमराव म्हणाले.